अंक नंतर, आधी पत्रव्यवहार

वाचकाचं पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार. मी सांगलीत गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही सहा जणांनी मिळून विद्यार्थ्यांचं जर्नल काढायचं ठरवलंय. चौघे गणिताचे, एक मैत्रीण वनस्पतिशास्त्राची, एक मित्र अर्थशास्त्राचा. गणित आणि बाकीचे विषय जिथे एकमेकांना भेटतात तिथलं लिखाण त्यात असेल. नाव ठरलंय, लोगो झालाय, इन्स्टाग्रामवर पानही उघडलंय. विभागप्रमुख म्हणतात, आधी आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांना मिळणारा ओळख-क्रमांक, आणा, मग बोलू. दुसरे एक सर म्हणाले, पोरांनी छापलेलं संशोधन वाचणार कोण? आतापर्यंत दोन लेख आलेत. एक द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा प्रसार समीकरणांनी मांडणारा आहे, पण खरं सांगायचं तर तो आम्हाला कळतच नाही. दुसरा सुवर्ण गुणोत्तरावर, म्हणजे १.६१८ च्या जवळपासच्या त्या प्रसिद्ध संख्येवर, आहे आणि नेटवरून उचलल्यासारखा वाटतो. मराठीत काढावं की इंग्रजीत, यावर आमचं भांडण चालू आहे. आणि जूनमध्ये आमच्यातले चौघे कॉलेजातून बाहेर पडतील. अशात सुरुवात करावी का?
— तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव, लोगो, इन्स्टाग्राम हे सगळं तू आधी लिहिलंस, आणि ‘एक लेख आम्हाला कळतच नाही’ हे मागाहून, जाता जाता. माझ्या मते तुमचं जर्नल त्या एका वाक्यात सुरू झालंय. म्हणून मी तिथूनच लिहायला घेते.

तो डाऊनीचा लेख छापून घ्या. मोबाइलवर वाचू नका. तुम्ही सहाही जण पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे अडेल तिथे समासात खूण करा. मग लेखकाला पत्र लिहा. ‘लेख अवघड आहे, सोपा करा’ असं लिहिलंत तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही. पान कितवं, ओळ कितवी आणि तिथे नेमकं काय अडलं, एवढंच लिहा. लेख मी पाहिलेला नाही, पण साथीच्या बहुतेक समीकरणांत प्रसाराचा वेग दाखवणारा एक बीटा असतो. समजा त्याने तो ०.३ धरलाय. गणितवाल्याचं समीकरण सुटलं की समाधान होतं. पण तासगावचा बागाईतदार विचारेल, हा ०.३ आणला कुठून? कुणाच्या बागेत मोजला? आणि तुझी वनस्पतिशास्त्राची मैत्रीण त्याही पुढे जाईल. डाऊनीला पान ओलं लागतं. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असताना पाऊस लागून राहिला तर रोग झपाट्याने पसरतो, ऊन पडून पानं सुकली की मंदावतो. मग बीटा सगळे दिवस एकच कसा? तो पावसाबरोबर बदलायला नको का?

या एका प्रश्नापाशी लेख दोन विषयांचा होतो. त्याआधी ते गणितच होतं, फक्त अंगावर द्राक्षाचं लेबल होतं. आंतरविद्याशाखीय या भारदस्त शब्दाखाली असं लेबल लावलेलं गणित खूप छापलं जातं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. तुमच्याकडे सहा जणांत तीन विषय आहेत. तेच तुमचं भांडवल. ते खर्च करा.

दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण तुझ्या मित्रांना जरूर सांग. जन्म गोव्यातला, १९०७ चा. पुढे पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवलं. आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन चांदीची नाणी, त्यांनी स्वतः तराजूत घालून हजारोंनी तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचं सरासरी वजन काळाबरोबर उतरतं आणि वजनांमधली तफावत वाढत जाते. त्यावरून कोणतं नाणं किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. संख्याशास्त्र त्यांना येतच होतं, पण तराजू हातात घेतल्याशिवाय त्या कामाला अर्थ आला नसता. याच माणसाने १९४४ मध्ये आनुवंशशास्त्रासाठी एक सूत्र दिलं. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढायला ते आजही कोसंबींच्या नावाने वापरतात. तेव्हा तुमच्यातल्या गणिताच्या एकाने तरी त्या मैत्रिणीबरोबर बागेत जाऊन पानं मोजावीत. मग लेखकाला लिहिलेल्या तुमच्या पत्राला वजन येईल.

आता माझा मुख्य मुद्दा. जर्नल म्हणजे अंक नव्हे. जर्नल म्हणजे लेखक आणि संपादक यांच्यातला पत्रव्यवहार. त्यातून जे उरतं, ते अंकात छापतात.

आपल्याकडचीच गोष्ट घे. १९०७ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी उभी राहिली ती व्ही. रामस्वामी अय्यर यांनी मित्रांना धाडलेल्या पत्रांतून. हे गृहस्थ पेशाने डेप्युटी कलेक्टर. वर्गणी काढून परदेशी पुस्तकं आणि जर्नलं मागवावीत आणि ती टपालाने एकमेकांकडे फिरवावीत, एवढाच सुरुवातीचा हेतू. फर्ग्युसनचे तेव्हाचे प्राचार्य रँग्लर परांजपे पहिल्यापासून बरोबर होते आणि सोसायटीचं ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात राहिलं. त्या सोसायटीच्या जर्नलमध्ये १९११ साली तेवीस वर्षांच्या, पदवी नसलेल्या एका तरुणाचा पहिला लेख आला. विषय बर्नुली संख्या, लेखक श्रीनिवास रामानुजन. हा लेख सहज छापला गेला नव्हता. संपादक होते बंगळूरचे एम. टी. नारायण अय्यंगार. रामानुजनची मांडणी इतकी त्रोटक आणि इतकी वेगळी होती की साध्या वाचकाला ती झेपणं कठीण होतं. अय्यंगारांनी हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवलं. लेखाला आकार येईपर्यंत ते मागेपुढे जात राहिलं. ‘कळत नाही, नाकारतो’ म्हणणं सोपं होतं, आणि ‘कळत नाही, पण मुलगा हुशार दिसतो, छापून टाकू’ म्हणणं त्याहून सोपं. दोन्ही वाटा सोडून ते टपालाचा खर्च करत राहिले. ही चिकाटी तुमच्यात येवो, लोगो नंतर कधीही बदलता येतो.

त्याच वर्षी त्याच जर्नलच्या प्रश्नांच्या पानावर रामानुजनने एक प्रश्न घातला होता. क्रमांक २८९. √(१ + २√(१ + ३√(१ + …))), हे असंच अखंड चालू ठेवलं तर किंमत किती येते? काही महिने गेले तरी कुणाचं उत्तर आलं नाही. शेवटी त्यानेच दिलं: ३. ‘वाचणार कोण’ असं विचारणाऱ्या सरांना माझं उत्तर हे प्रश्नांचं पान. लेख डोळ्यांखालून घालून बाजूला ठेवता येतो. प्रश्न मात्र एस.टी.त बसल्यावरही मागे लागतो. पहिल्या अंकापासून पाच प्रश्न ठेवा, त्यातले दोन दहावीच्या मुलाला झेपतील असे. उत्तरं पाठवणाऱ्यांची नावं गावासकट छापा. कवठेमहांकाळच्या मुलीचं नाव छापून आलं की तो अंक तिच्या घरात, शाळेत, शेजारी फिरतो. अंक असाच फिरतो.

इथे माझा एक अनुभव सांगते. एम.एस्सी.च्या वर्षी आम्ही पाच जणांनी गणिताचं त्रैमासिक काढलं होतं. स्टेन्सिल कापायची आणि सायक्लोस्टाइल करायची, शाईने बोटं काळी. पहिल्या अंकातल्या चौथ्या प्रश्नात एक वजाचं चिन्ह स्टेन्सिलवर उमटलंच नाही. पंधरा-वीस दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. खेड्यातल्या एका शिक्षकांचं, बारीक अक्षरात काठोकाठ भरलेलं. आठ संध्याकाळी ते त्या प्रश्नावर बसले होते. शेवटी त्यांनी सिद्ध केलं होतं की दिलंय तसं उत्तर असूच शकत नाही, आणि विचारलं होतं, तिसऱ्या पदाआधी वजा राहिलाय का? त्यांच्या आठ संध्याकाळी आमच्या हलगर्जीपणामुळे गेल्या. ते कार्ड हातात धरून बसलेली मी मला अजून आठवते. तेव्हापासून छापायला जाणारं प्रत्येक समीकरण मी मोठ्याने वाचते आणि दुसरं कुणीतरी मूळ कागदावर बोट ठेवून तपासतं. तुम्हीही तसंच करा. आणि चूक झालीच तर पुढच्या अंकात पहिल्याच पानावर शुद्धिपत्र छापा, शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात नको.

लेख तपासायची पद्धत. प्रत्येक लेखाला तीन वाचक द्या. एक गणिताचा, एक त्या दुसऱ्या विषयाचा आणि तिसरा या दोन्ही विषयांत नसलेला. तिसऱ्याने दोनच गोष्टी सांगायच्या: लेख कशाबद्दल आहे, आणि आपण कुठे थांबलो. पहिले दोघे शक्यतो एम.एस्सी.चे विद्यार्थी किंवा प्राध्यापक असावेत. प्राध्यापकांना ‘जरा बघून घ्या सर’ असं म्हणू नका. ‘पान ३ वरची सिद्धता बरोबर आहे का, एवढंच पंधरा दिवसांत सांगाल का’ असं विचारा. नेमकं काम असलं की लोक आनंदाने करतात. लेखकाचं नाव परीक्षकापासून लपवायचं का, यावर तुम्ही वाद घालत बसाल. घालू नका. तुमच्या सगळ्या कॉलेजांत कोण काय लिहितंय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि नवं संशोधन कोणतं आणि परिचयपर लेख कोणता, हे लेखाच्या डोक्यावर स्वच्छ लिहा. पदवीच्या मुलांचं बहुतेक लिखाण परिचयपर असणार, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. जुनी गोष्ट नव्याने आणि नीट समजावून देणारा लेख मी दुबळ्या ‘नव्या’ निकालापेक्षा वर ठेवते.

सुवर्ण गुणोत्तराच्या लेखाबद्दल. त्या मुलाला बोलवा, फळ्यासमोर उभं करा, हातात खडू द्या आणि त्याला आवडलेला भाग समजावून सांगायला सांगा. आरोप करू नका. त्याला सांगता आलं, तर लेख त्याच्या शब्दांत पुन्हा लिहून घ्या आणि कुठलं काय वाचलं ते नोंदवायला लावा. आलं नाही, तर त्याला स्वतःलाच ते कळेल. लेख नेटवरून आला काय किंवा चॅटजीपीटीकडून, कसोटी हीच. जाता जाता एक सांगते. त्या लेखात नॉटिलस शंख सुवर्ण गुणोत्तराने वाढतो असं वाक्य असेल, तर ते आधी काढा. त्याची वळणं लॉगरिदमिक सर्पिलाची, म्हणजे दर फेऱ्याला ठरावीक पटीत रुंदावणारी असतात, पण तिथलं गुणोत्तर सुवर्ण गुणोत्तर नसतं. एक शंख आणून मोजपट्टी लावली तर त्याच मुलाचा खरा लेख तयार होईल.

विभागप्रमुखांचा आयएसएसएन. हा क्रमांक आपल्या देशात दिल्लीच्या सीएसआयआर-निस्पर या संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र देतं, त्याला पैसे पडत नाहीत. अर्ज करताना अंकच दाखवावा लागतो: मुखपृष्ठ, संपादक मंडळ, अनुक्रमणिका. तेव्हा ‘आधी नंबर, मग अंक’ हा क्रम उलटा आहे. अंकाची पूर्ण मांडणी करून सरांसमोर ठेवा आणि अर्जावर त्यांची सही मागा. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक लागतात. हेही सरांना अदबीने सांगा की हा क्रमांक म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे, गाडीच्या नंबरप्लेटसारखी ती निव्वळ ओळख आहे. यूजीसीची केअर नावाची मान्य जर्नलांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे त्या यादीत येण्याच्या गोष्टी कुणी केल्या तर तिकडे लक्ष देऊ नका. कायद्याचं म्हणशील, तर नियतकालिकांच्या नोंदणीच्या २०२३ च्या कायद्यातून वैज्ञानिक आणि शैक्षणिक जर्नलं वगळलेली आहेत. आणि लेखकांकडून छापण्याचे पैसे कधीही घेऊ नका, अगदी शंभर रुपयेसुद्धा. विद्यार्थ्यांच्या घाईचा फायदा घेऊन पैसे उकळणारी जर्नलं आपल्याकडे उदंड झालीत. तुमचं अंगण त्यापासून स्वच्छ राहू दे.

खर्चाचं फार बोलत नाही. पीडीएफ सगळ्यांना मोफत द्या आणि शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांपुरत्या थोड्या प्रती छापा. मधोमध पिना मारलेला अंक असेल तर पानं चारच्या पटीत बसवा, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. डाऊनीचा लेख इंग्रजीत आला असेल तर इंग्रजीत असू द्या, पण सोबत दोन पानांचा मराठी लेख हवा. त्याला सारांश म्हणू नका. बागाईतदाराने हातात घेतला तर शेवटपर्यंत जावा, असा लिहा. आणि काही विषय मराठीतच लिहायला हवेत. तुमच्या दारात कृष्णेवरचा आयर्विन पूल आहे. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा लोक एकमेकांना धीर देत होते, ‘असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो.’ या वाक्याचा खरा अर्थ काय? कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. मग तीस वर्षं गावात राहणाऱ्याला तो एकदा तरी दिसण्याची शक्यता किती? न दिसण्याची ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. उरले २६ टक्के. घर बांधताना घेतलेलं कर्ज फिटेपर्यंत चारात एक. हे गणित अकरावीचं आहे, पण ज्याने नदीकाठी प्लॉट घेतलाय त्याला ते कुणी सांगितलेलं नाही. पुढे जाऊन मुळात ‘शंभर वर्षांतला’ हा आकडा मोजक्या वर्षांच्या नोंदींवरून काढतात कसा, नदी किंवा पाऊसच बदलत असेल तर तो टिकतो का, इथपर्यंत भूगोलाच्या एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन जाता येईल. असा लेख सांगलीत, मराठीत, तुमच्या जर्नलमध्ये यायलाच हवा. मी त्याची वाट बघेन.

छपाईच्या बाजूने मराठी आता अडत नाही. लाटेक, म्हणजे गणिताचा मजकूर मांडायची संगणकप्रणाली, तुम्ही वापरत असालच. त्यातलं झीलाटेक घ्या, ते युनिकोड देवनागरी नीट बसवतं. समीकरणांत अंक देवनागरी ठेवायचे की इंग्रजी, हे एकदाच ठरवा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तसंच ठेवा. संज्ञांचं एक टाचणही ठेवा: ‘फलन’ लिहायचं की ‘फंक्शन’, काहीही चालेल, पण एका अंकात एकच.

राहिला जून. तुझ्या पत्रातली ही सगळ्यात खरी काळजी आहे. आमच्या त्रैमासिकाचे दोनच अंक निघाले. तिसऱ्याचं साहित्य तयार होतं. पण वर्गणीदारांच्या पत्त्यांची वही ज्याच्याकडे होती तो नोकरीला बाहेरगावी गेला, वही त्याच्या ट्रंकेत. उरलेला पत्रव्यवहार विभागाच्या कपाटात होता, आणि ते कपाट उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणीतरी रिकामं केलं. पोस्टकार्डही त्यातच गेलं. आमच्यात उत्साह होता, लेखक होते, वाचक होते. फक्त मागच्या वर्गातलं कुणी आमच्याबरोबर बसलेलं नव्हतं.

केंब्रिजमध्ये आर्किमिडियन्स नावाची विद्यार्थ्यांची गणित मंडळी आहे. तिचं ‘युरेका’ १९३९ पासून निघतंय. दरवर्षी नेमाने अंक आलाच असं नाही, पण ते मेलं नाही, कारण अंकामागे मंडळ आहे आणि मंडळात दरवर्षी नवी मुलं येतात. तुम्हीही आधी मंडळ करा, निदान आठवड्यातून एक संध्याकाळ बसणारं. उद्याच प्रथम वर्षाचे दोघे आणि द्वितीय वर्षाचे दोघे घ्या. त्यांना चहा आणायला आणि पोस्टर चिकटवायला ठेवू नका, डाऊनीच्या लेखकाला जाणारं पुढचं पत्र त्यांच्याकडून लिहून घ्या. ईमेल तुझ्या नावाचं नको, जर्नलच्या नावाचं असू दे, आणि त्याचा पासवर्ड एका शिक्षकांकडे आणि दोन विद्यार्थ्यांकडे असावा. एक वही ठेवा: कोणता लेख कधी आला, कोणाकडे वाचायला गेला, काय ठरलं, का नाकारला. जूनमध्ये ती वही समारंभाने त्यांच्या हाती द्या. बाहेर पडणाऱ्या चौघांनी वर्षभर तिसऱ्या वाचकाचं काम करावं, ते कुठूनही करता येतं.

वर्षाला एकच अंक जाहीर करा. त्रैमासिक नको. पहिला अंक उत्साहात निघतोच. दुसरा निघाला की मला कळव, त्या दिवशी मी तुम्हाला जर्नल म्हणेन.

तेव्हा हो, सुरुवात करा, याच आठवड्यात, त्या पत्राने.

प्रश्नांच्या पानासाठी माझ्याकडून एक प्रश्न, विभागप्रमुखांच्या क्रमांकावरूनच. ‘रेझोनन्स’ या विज्ञान शिक्षणाच्या मासिकाचा आयएसएसएन ०९७१-८०४४ आहे. पहिल्या सात अंकांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज केली की १५० येते. शेवटचा ४ मिळवला की १५४, म्हणजे ११ ची चौदापट. शेवटचा अंक असा निवडतात की एकूण बेरजेला ११ ने नेहमी पूर्ण भाग जावा. तिथे दहा लागले तर एक्स लिहितात. आता टाइप करताना कुठल्याही दोन जागांवरचे वेगवेगळे अंक अदलाबदल झाले, शेजारचे असोत की लांबचे, तर ही तपासणी ती चूक दर वेळी पकडते. का? आणि ११ ऐवजी १० ने भाग जायला हवा असा नियम असता, तर कोणती अदलाबदल निसटली असती?

उत्तरं तुमच्या पत्त्यावर मागवा. माझं उत्तर मी बंद पाकिटात पाठवते, अंक निघेपर्यंत उघडू नका.

तुझी,
सदरलेखिका